मंद्र स्वरास साजेसें साहित्य

वाद्यवृंदांत आकारानें जें वाद्य सर्वांत मोठें, त्याच्याच वांट्यास बहुधा सर्वांत कमी मानाचें काम येतें, हा प्रकार मौजेचा खरा, परंतु विचार करण्याजोगाहि आहे. ट्यूबा हें पितळी वाद्य पाहावें तर दहा-बारा किलो वजनाचें; त्याची वेटोळी नळी सरळ केली तर जातीप्रमाणें बारापासून अठरा फुटांपर्यंत भरते; तोंड एखाद्या परातीएवढें. पण बँडांत त्याचें काम काय? ठेक्याच्या मात्रेवर एक जाड स्वर टाकावयाचा आणि पुढील मात्रेची वाट पाहात बसावयाचें! चाल क्लॅरिनेटनें वाजवावी, तोरा ट्रंपेटनें मिरवावा आणि ट्यूबानें नुसता पाया धरावा, अशी ही वाटणी आहे. इमारतीस पाया लागतो हें सर्वांस मान्य असतें. तथापि त्या पायालाहि स्वतःची एखादी गोष्ट सांगावयाची असेल, ही कल्पना फारशी कोणाच्या मनांत येत नाहीं.

नाशिककरांच्या कानांस बँड नवा नाहीं. देवळालीच्या छावणीमुळें लष्करी वाद्यांचा सूर या भागांत फार दिवसांपासून ओळखीचा आहे. १९३७ सालीं डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांनीं नाशकास भोंसला सैनिकी शाळा उघडली, तेव्हांपासून संचलनाची शिस्तहि येथील सुशिक्षित घरांस परकी राहिली नाहीं. लग्नसराईंतील बँड तर प्रत्येक आळींतून जातो. अलीकडे मात्र एक नवी गोष्ट घडूं लागली आहे. शाळेच्या बँडांत आपल्या घरांतील मुलें-मुली वाजवूं लागलीं आहेत, आणि लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजसारख्या संस्थांच्या वाद्यपरीक्षा आपल्या देशांतहि होत असून त्यांत ट्यूबालाहि जागा आहे. एखाद्या उंचपुऱ्या मुलाच्या वा धडधाकट मुलीच्या हातीं बँडमास्तर हें वाद्य देतात. पुढें परीक्षेचा किंवा स्नेहसंमेलनाचा प्रसंग येतो, आणि मग घरांतील वडील माणसें विचारतात, "अरे, पण यावर एकट्यानें वाजवावयाचें तरी काय?"

हा प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा नाहीं. त्याचें उत्तर बरें मिळालें तर मुलाची गोडी टिकते; न मिळालें तर वर्ष-दोन वर्षांत वाद्य कोपऱ्यांत जातें आणि "आपल्याला संगीत जमत नाहीं" असा चुकीचा ग्रह मुलाच्या मनांत कायमचा बसतो. आमच्या मतें आपल्यासारख्या कुटुंबांनीं हें उत्तर साहित्याच्या दिशेनें शोधावें. घरांत पाश्चात्य संगीताचा व्यासंग नसला, तरी काव्य, नाटक, पुराण व कीर्तन यांचा संस्कार असतो. जी कथा आजीला ठाऊक आहे ती नातवानें ट्यूबावर सांगितली, तर ऐकणारें सबंध घर त्या संगीतांत वाटेकरी होतें.

फुंकण्याच्या वाद्याविषयीं एक जुनी अढी

मुख्य विषयाकडे वळण्यापूर्वीं एक अडसर दूर करणें अवश्य आहे. आपल्या पुष्कळ घरांत पेटी, तबला, सतार, फिडल हीं वाद्यें मानानें आलीं. पण तोंडानें फुंकावयाचीं वाद्यें उंबरठ्याबाहेर राहिलीं. तोंड लावलें कीं वाद्य उष्टें झालें ही एक समजूत, आणि वाजंत्री वाजविणें हें अमक्या जातीचें काम ही दुसरी. सनईवाल्याशिवाय आपलें मंगलकार्य होत नसे; परंतु त्याची पंगत मात्र निराळी बसे. ही गोष्ट आपणांस भूषणावह नाहीं, आणि ती स्पष्टपणें बोलून दाखविण्यांतच शहाणपण आहे.

वस्तुतः या समजुतीस आपल्याच परंपरेंत आधार नाहीं. देवघरांतला शंख तोंडानेंच फुंकतात. श्रीकृष्णाची मुरली कोणी उष्टी मानिली नाहीं. गीतेच्या पहिल्याच अध्यायांत वीरांचे शंख नांवनिशीवार सांगितले आहेत. त्यांत भीमाचा जो मोठा शंख, त्याचें नांव पौंड्र. ज्या साहित्यानें फुंकण्याच्या वाद्यांना माणसांप्रमाणें नांवें दिलीं, तें साहित्य घोकणाऱ्या घरांनीं त्याच जातीच्या वाद्यास कमी लेखावें, ही विसंगति आहे. पुढील काळांतहि दाखले आहेत. पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनीं लांब बांबूची मोठी बांसरी करून तिला खालच्या स्वरांची जोड दिली, तेव्हां ती रागदारीच्या बैठकींत मानानें बसली. बिस्मिल्ला खां यांनीं सनई मांडवांतून मैफलींत आणिली, आणि २००१ सालीं त्यांस भारतरत्न ही पदवी मिळाली. तेव्हां फुंकण्याच्या वाद्याचा कमीपणा मानण्याचें आतां कांहींच कारण उरलेलें नाहीं.

पाश्चात्यांनीं या वाद्यास काय दिलें

ट्यूबा हें वाद्य तसें फार जुनें नाहीं. नांव लॅटिन भाषेंतलें, रोमन सैन्यांतील सरळ तुतारीचें. पण आजच्या वाद्याचा हक्क प्रशियांत विल्हेल्म वीप्रेख्त व योहान मोरित्स यांनीं १८३५ सालीं नोंदविला. त्यापूर्वीं खालच्या स्वरांचें काम सर्पाकृति 'सर्पंट' व कळांचें 'ऑफिक्लाइड' या वाद्यांकडे असे. नवें वाद्य आलें आणि अल्पावकाशांत त्यानें त्यांची जागा घेतली.

युरोपांत एकोणिसाव्या शतकांत साहित्यावरून वाद्यसंगीत रचण्याची मोठी लाट होती. बर्लिओझनें शेक्सपिअर, बायरन व स्कॉट यांच्या कृतींवर रचना केल्या. गोल्डमार्कनें कालिदासाच्या शाकुंतलावरून १८६५ सालीं एक प्रास्ताविका रचिली. या लाटेंत ट्यूबाच्या वांट्यास काय आलें? वाग्नरच्या 'सीगफ्रीड' या नाट्यांत गुहेंत सोन्यावर निजलेला फाफ्नर राक्षस अजगराच्या रूपांत आहे, आणि त्याची हालचाल खोल आवाजाच्या ट्यूबानें दाखविली आहे. रिचर्ड स्ट्राउसनें सेर्व्हांतेसच्या 'डॉन किहोते' या कादंबरीवरून १८९७ सालीं एक रचना पुरी केली. तींत स्वप्नाळू सरदाराचें काम सेलो या तंतुवाद्यास दिलें, आणि त्याचा जाडगेला सेवक सांचो पांझा याचें काम व्हायोला या वाद्याबरोबर टेनर ट्यूबासहि वांटून दिलें. मुसोर्गस्कीच्या चित्रमालिकेस रावेलनें १९२२ सालीं वाद्यवृंदाचा साज चढविला, तेव्हां जड चाकांच्या बैलगाडीची चाल त्यानें ट्यूबाकडे सोंपविली. थोडक्यांत काय, राक्षस, चाकर आणि बैलगाडी! आपल्या नाटकमंडळ्यांत जाड्या नटास जशीं ठराविक कामें मिळत, तसाच हा प्रकार झाला.

विसाव्या शतकांत ट्यूबास एकट्यानें उभें राहण्याची संधि मिळाली. व्हॉन विल्यम्स या इंग्रज रचनाकारानें वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षीं, १९५४ सालीं, ट्यूबासाठीं स्वतंत्र कंचेर्तो लिहिला. फिलिप कॅटलिनेट या वादकानें तो लंडन येथें प्रथम वाजविला. त्याचा मधला संथ भाग ऐकला म्हणजे हें वाद्य गाऊं शकतें याविषयीं शंका राहात नाहीं. दुसऱ्याच वर्षीं हिंडेमिटनें ट्यूबा व पियानो यांसाठीं सोनाटा लिहिला. या दोन्ही रचनांना कथेचा आधार नाहीं. परंतु ज्यास पुढें कथा सांगावयाची आहे त्यानें आधी आवाज कसा लावावा, हें शिकण्यास त्या उत्तम आहेत.

कथेच्या बाजूनें पाहतां, पॉल ट्रिप यांचे शब्द व जॉर्ज क्लाइनसिंगर यांचें संगीत असलेली 'टबी द ट्यूबा' ही मुलांची गोष्ट प्रसिद्ध आहे. तीवरून १९४७ सालीं जॉर्ज पाल यांनीं एक लहान चित्रपटहि काढला. वाद्यवृंदांतील एका ट्यूबास वाटतें कीं, आपल्यालाहि एकदां तरी एखादी चाल वाजवावयास मिळावी. इतर वाद्यें हंसतात. शेवटीं नदीकांठचा एक बेडूक त्यास सुंदर चाल शिकवितो. कथा साधी आहे, पण तिच्यांतील दुःख खरें आहे. निवेदक व ट्यूबा असा हा प्रकार असल्यामुळें शाळेच्या संमेलनास ती फार सोयीची पडते. एका भावंडानें गोष्ट मराठींत सांगावी व दुसऱ्यानें वाजवावें. जॉन स्टीव्हन्स या अमेरिकन रचनाकाराची सिसिफसाच्या मुक्तीवरील रचना अशीच ग्रीक पुराणांतून घेतलेली आहे. दगड डोंगरावर ढकलीत राहण्याची शिक्षा भोगणाऱ्या राजाची ती कथा. मात्र ती तयारीच्या वादकासाठीं आहे, आणि तिला साथीस तशींच आणखी मंद्र वाद्यें लागतात.

या संदर्भांत गुस्टाव्ह होल्स्ट याचें नांव आपल्या वाचकांनीं अवश्य लक्षांत ठेवावें. हा इंग्रज रचनाकार स्वतः पितळी वाद्याचा, ट्रॉम्बोनचा, वादक होता. आपल्या वाङ्मयाच्या ओढीनें तो संस्कृत शिकला; ऋग्वेदांतील सूक्तांवर त्यानें समूहगीतें रचिलीं, महाभारतांतील सावित्रीवर लहानसें संगीतनाट्य लिहिलें, मेघदूतावर एक दीर्घ रचना केली, आणि रामायणावरून 'सीता' हें मोठें संगीतनाट्यहि रचिलें. शेवटचें त्याच्या हयातींत रंगभूमीवर आलें नाहीं. लंडनमध्यें बसून पितळी वाद्याचा एक वादक पंचवटीच्या सीतेचा विचार करूं शकतो, तर पंचवटीपासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्यांनीं तो कां करूं नये?

पंचवटींतील एक उदाहरण

साहित्य पाहून गाण्याची निवड करणें ही गोष्ट नाशकास नवी नाहीं. तिचें सर्वांत थोर उदाहरण पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांचें आहे. त्यांचा जन्म १८७२ सालीं कुरुंदवाडास एका कीर्तनकाराच्या घरीं झाला. लहानपणीं दारूकामाच्या अपघातानें डोळे अधू झाले, म्हणून शाळेचा मार्ग खुंटला आणि मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाण्याचें शिक्षण झालें. १९०१ सालीं त्यांनीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें, १९०८ सालीं मुंबईस त्याचा विस्तार केला. पुढें कर्जापायीं मुंबईची इमारत हातची गेली, आणि उत्तरायुष्यांत ते नाशकास येऊन राहिले; पंचवटींत त्यांनीं रामनाम आधाराश्रम स्थापिला. तेथें तुलसीरामायणावरील प्रवचन व नामसंकीर्तन हाच त्यांचा मुख्य उद्योग झाला. १९३१ सालीं मिरजेस त्यांचा अंत झाला. त्यांचे पुत्र दत्तात्रेय विष्णु यांचा जन्म १९२१ सालीं नाशकासच झाला. १९५५ सालीं अवघ्या चौतिसाव्या वर्षीं ते गेले, पण तुलसीदास, सूरदास व मीराबाई यांचीं त्यांनीं गाइलेलीं पदें घरोघरीं राहिलीं.

पंडितजींनीं काय केलें याचा विचार आमच्या विषयास फार उपयोगी आहे. त्या काळीं ख्याल-ठुमरींतील पुष्कळशा चिजांचे शब्द असे असत कीं, कुलीन घरांतील मुलींस ते शिकविण्यास पालक कचरत. पंडितजींनीं राग राखला, चाल राखली, आणि शब्दांच्या जागीं संतांचें साहित्य आणिलें. या निवडीमुळें गाणें कोठीवरून घरांत आलें. कांहीं रसिकांनीं त्यावर आक्षेप घेतला कीं, या सोंवळेपणांत शृंगाराचा एक सबंध प्रांत गमावला. त्या आक्षेपांतहि तथ्य आहे. तथापि साहित्याची निवड हा केवळ अलंकार नव्हे, कोण शिकेल व कोण ऐकेल हें तिच्यावरच ठरतें, एवढी गोष्ट या उदाहरणावरून निर्विवाद सिद्ध होते. ट्यूबाच्या बाबतींत आज नेमका हाच प्रश्न आहे.

दक्षिणेंतील एक दाखला याच्या उलट दिशेचा आहे. तंजावरचे मराठे राजे दुसरे सरफोजी यांनीं आपल्या पदरीं पाश्चात्य धर्तीचा बँड ठेविला होता. त्याच काळांतील थोर रचनाकार मुत्तुस्वामी दीक्षितर यांनीं इंग्रजी बँडच्या चाली ऐकून त्यांवर संस्कृत शब्द बसविले. कर्नाटक संगीतांत गीताच्या शब्दांनाच 'साहित्य' म्हणतात. बँडची चाल साहित्य होऊं शकते, तर साहित्याची चाल बँडच्या वाद्यावर कां येऊं नये?

निवडीच्या चार कसोट्या

पहिली कसोटी अशी कीं, साहित्य रचनेच्या अंगांत आहे कीं नुसतें नांवांत आहे, हें पाहावें. पुष्कळ रचनांवर एखाद्या ग्रंथाचें नांव छापलेलें असतें. तें पुसून टाकलें तरी आंतल्या स्वरांत कांहीं फरक पडत नाहीं. उलट स्ट्राउसच्या रचनेंत एकेका भागास कादंबरींतला एकेक प्रसंग आहे, आणि प्रसंग बदलला कीं चालहि बदलते. नांव झांकून रचना दोनदां ऐकावी. कथेची वळणें जाणवलीं तरच ती साहित्यप्रेरित समजावी.

दुसरी कसोटी रसाची. ट्यूबा म्हणजे हास्य किंवा भय, ही पाश्चात्यांनीं घातलेली चौकट आपण कां स्वीकारावी? ॲलेक वाइल्डर या अमेरिकन रचनाकारानें एफी नांवाच्या हत्तिणीवर ट्यूबासाठीं एक गमतीदार मालिका लिहिली आहे; लहान मुलांस ती अवश्य वाजवूं द्यावी. परंतु आपल्या साहित्यांत हत्ती केवळ विनोदाचा विषय नाहीं. भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत मंद्र आवाज कोठें योजावा तें सांगितलें आहे. निर्वेद, ग्लानि, चिंता, दैन्य या भावांशीं त्यांनीं त्याचा संबंध जोडला आहे. म्हणजे खोल स्वर हा आपल्या शास्त्राप्रमाणें मुख्यतः दुःखी व अंतर्मुख मनाचा स्वर आहे. निवड करतांना हें सूत्र हाताशीं असावें.

तिसरी कसोटी श्वासाची. मोठ्या ट्यूबावर खालचा स्वर जोरानें धरला तर छातींतली हवा थोड्याच सेकंदांत संपते. म्हणून जेथें वाक्याचे तुकडे श्वासाशीं जुळतात अशाच रचना घ्याव्यात. येथें आपल्या वृत्तांचें मोठें साहाय्य होतें, कारण यति म्हणजे तरी विश्रांतीचें स्थानच होय.

चौथी कसोटी वाद्याच्या घडणीची. ट्यूबाच्या कळा दाबल्या कीं स्वर बदलतो, पण एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी लांब मींड त्यावर काढतां येत नाहीं. दरबारीचा आंदोलित गांधार ऐकून कोणास वाटेल कीं, मंद्रांतला हा राग ट्यूबास योग्य. पण नवशिक्यानें त्याच्या वाटेस जाऊं नये. भूप, दुर्गा, हंसध्वनि यांसारखे सुटसुटीत स्वरांचे राग प्रथम घ्यावेत. नाट्यपदांतील जलद तानाहि टाळाव्यात. साथीस तंबोरा असेल तर षड्ज वाद्याच्या सोयीनें ठरवावा. बी-फ्लॅट ट्यूबास काळी पांच व एफ ट्यूबास पांढरी चार ही सहज जुळते.

आपल्या घरांतलें भांडार

या कसोट्या लावून पाहिलें तर पहिली निवड आमच्या मतें मनाच्या श्लोकांची करावी. समर्थांनीं नाशकाजवळ टाकळीस बारा वर्षें तपश्चर्या केली असें परंपरा सांगते. त्यांचे हे २०५ श्लोक कित्येक घरांत दिवेलागणीस अजूनहि म्हटले जातात. वृत्त भुजंगप्रयात. एका चरणांत अक्षरें बारा, आणि एक लघु व दोन गुरु असे पांच मात्रांचे चार गण. म्हणजे एकूण वीस मात्रा, झपतालाचीं बरोबर दोन आवर्तनें. एक चरण एका श्वासांत सहज येतो. घरांत ज्या साध्या चालीवर हे श्लोक म्हणतात तीच चाल खालच्या सप्तकांत, सावकाश, एकही स्वर न ढळतां वाजविणें हा उत्तम अभ्यास आहे. शब्द सर्वांच्या ओठांवर असल्यामुळें वाद्य वाजूं लागलें कीं ऐकणाऱ्यास ते आपोआप आंतून ऐकूं येतात.

दुसरी निवड मेघदूताची. मंदाक्रांता वृत्ताच्या सतरा अक्षरांत चार, सहा व सात अशीं विश्रांतिस्थानें आहेत. पहिलीं चारहि अक्षरें गुरु. तेथें वाद्यानें जड पावलें टाकावीत. पुढें पांच लघु येतात. तेथें जीभ हलकी व चपळ ठेवावी लागते. शेवटचीं सात पुन्हां संथ. लांब स्वर, तुटक स्वर आणि पुन्हां लांब स्वर हा जो अभ्यास पाश्चात्य पाठपुस्तकांत कोरड्या रीतीनें करून घेतात, तो कालिदासाच्या एका श्लोकांत रसासह मिळतो. विरही यक्षाचा आवाज खोल असावा हें कोणासहि पटेल; आणि ज्या मेघाशीं तो बोलतो त्याचा गडगडाटहि याच वाद्याच्या तळाशीं आहे.

तिसरी निवड गजेंद्रमोक्षाची. भागवताच्या आठव्या स्कंधांतील ही कथा कीर्तनांतून आपण कितीदां ऐकिली आहे! सरोवरांतली क्रीडा, नक्राची पकड, दीर्घ झुंज, ओसरत जाणारें बळ, आणि शेवटचा धांवा. आरंभीं डौल, मध्यें झगडा, शेवटीं करुणा व शांति. पाऊण घटकेच्या रचनेस यापेक्षां चांगला आराखडा कोणता? पश्चिमेनें ज्या वाद्यास हत्तीची सोंगें दिलीं, त्यास आपण गजेंद्राची प्रार्थना देऊं शकतों.

चौथी निवड तयारीच्या वादकासाठीं, आणि ती खास नाशिकची आहे. भवभूतीच्या उत्तररामचरिताचा तिसरा अंक पंचवटींत घडतो. सीतेचा त्याग करून बारा वर्षें लोटल्यावर राम जनस्थानांत परत येतो. तींच झाडें, तीच गोदावरी. सीता जवळ उभी आहे, पण त्यास दिसत नाहीं. रामाच्या दुःखास भवभूतीनें तोंड बंद करून भट्टींत ठेविलेल्या औषधाच्या पात्राची उपमा दिली आहे; बाहेरून स्थिर, आंत मात्र सारखा दाह. परशुरामपंत तात्या गोडबोले यांनीं एकोणिसाव्या शतकांतच हें नाटक मराठींत आणिलें, त्यामुळें संस्कृत न जाणणाऱ्यांसहि तें बंद नाहीं. हा दाह उंच आवाजाच्या वाद्यानें सांगूं गेल्यास तो आक्रोश होईल. मंद आवाजांत धरलेला, न फुटणारा खोल स्वरच येथें पाहिजे.

नाट्यपदांकडेहि वळतां येईल. सौभद्र, शारदा, मानापमान, स्वयंवर यांतील संथ चालीचीं पदें घरांत ओळखीचीं असतात. नाशिककर वसंत कानेटकरांचें 'मत्स्यगंधा' (१९६४) व नाशिककर वि. वा. शिरवाडकरांचें 'ययाति आणि देवयानी' (१९६६) हीं दोन्ही नाटकें महाभारतांतून घेतलेलीं, आणि दोन्हींचें संगीत जितेंद्र अभिषेकी यांचें. माडगूळकर व सुधीर फडके यांचें गीतरामायण, १९५५ च्या रामनवमीपासून पुणें आकाशवाणीवर गाजलेलें, छप्पन गीतांचें भांडार आहे. पण येथें एक सूचना. आपल्या कायद्यानें रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षें हक्क राहतात. किर्लोस्कर, देवल, भास्करबुवा बखले व खाडिलकर यांच्या कृति आतां मोकळ्या आहेत. गीतरामायण, मत्स्यगंधा व ययाति-देवयानी यांचे हक्क चालू आहेत. घरांत वाजविण्यास कोणी अडवीत नाहीं. तिकीट लावून किंवा ध्वनिमुद्रण करून प्रसिद्ध करावयाचें असेल तर परवानगी घ्यावी.

कार्यक्रम कसा मांडावा

कार्यक्रमास नमुना शोधण्यास दूर जावयास नको. आपलें नारदीय कीर्तन समोर आहे. पूर्वरंगांत विषय, उत्तररंगांत आख्यान, आणि मध्यें मध्यें पद. त्याप्रमाणें आरंभीं मनाच्या श्लोकांतले दोन श्लोक घरांतल्या कोणी म्हणावेत व मग वाद्यानें तेच घ्यावेत. नंतर एक पाश्चात्य रचना, म्हणजे वाद्याचा मूळ स्वभाव कळेल. त्यापुढें आख्यान: गजेंद्रमोक्षाची कथा आजीनें किंवा काकांनीं चार वाक्यांत सांगावी, वादकानें पुढचा भाग वाजवावा. अर्ध्या तासांत सर्व आटपावें. ओठ थकले कीं स्वर उतरतो, आणि ऐकणाऱ्यांचेंहि अवधान तेवढेंच असतें.

अशा रचना आज छापून तयार मिळत नाहींत, ही अडचण खरी आहे. परंतु बँडमास्तरास स्वरलेखन येतें, घरांतल्या पेटीवाल्यास चाल येते, आणि वृत्त व अर्थ सांगणारें कोणी ना कोणी आपल्या घरीं असतेंच. हे तिघे एका संध्याकाळीं एकत्र बसले तर एक श्लोक कागदावर उतरण्यास अवघड नाहीं. पहिल्या प्रयत्नांत तो ओबडधोबड उतरेल. पण तो आपला असेल, आणि पुढच्या मुलास तो तयार मिळेल. भाषांतराच्या पिढीनें शेक्सपिअर व कालिदास मराठींत आणिले ते असेच, एकेका अंकानें.

ज्या घरांत असें वाद्य आलें आहे त्यांनीं एवढें करून पाहावें. मुलास खोलीचें दार लावून वाजविण्यास न सांगतां माजघरांत बसवावें, आणि त्याला विचारावें, "आज कोणती गोष्ट सांगणार?" या प्रश्नानेंच त्याचा हुरूप टिकेल, आणि मग त्याच्या हातचें हें अवजड पितळ घरास परकें वाटणार नाहीं.